पेटीशिवाय मिस्त्री

माझा नवरा मिस्त्री आहे. गोठ्यांतली दूध काढायची मशीनं दुरुस्त करतो. त्याला सगळे मिस्त्रीच म्हणतात, मीसुद्धा. लग्नाआधी तो माझ्या वडिलांच्या दुकानात कामाला होता आणि मी तिथेच गल्ल्यावर बसायचे. त्यामुळे अरेतुरे तेव्हापासूनचं आहे आणि हुकूम सोडायची माझी सवयही. वडील गेले, दुकान आमच्याकडे आलं. तो मागे वर्कशॉपमध्ये, मी पुढे फोनपाशी. त्याला बोलावं लागू नये आणि मला गप्प बसावं लागू नये, अशी ही सोय आहे.

एकदा एका नव्या गिऱ्हाइकाने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "यांना ऐकू येतं ना?" येतं, चांगलं येतं. गाडीतून उतरायच्या आधी नुसत्या पंपाच्या आवाजावरून तो सांगतो की पट्टा सैल झालाय. माणसांचं मात्र त्याला कान देऊन ऐकावं लागतं, आणि ते तो बरेचदा विसरतो.

माझ्या वडिलांनी त्याला दोन गोष्टी शिकवल्या. एक म्हणजे मशीनला हात लावायच्या आधी विचारायचं, "हे कधीपासून?" गिऱ्हाईक सांगायला लागलं की निम्मा बिघाड तिथेच कळतो. दुसरी गोष्ट अशी, की एकदा केलेल्या कामासाठी परत बोलावणं आलं तर मिस्त्रीचं नाक कापलं गेलं. पहिली गोष्ट त्याने डोक्यात ठेवली आणि दुसरी जिवाला लावून घेतली.

आता टोकाच्या भाऊंचं सांगते. आमच्या रस्त्याच्या अगदी टोकाला त्यांचा गोठा आहे, त्यापुढे रस्ताच नाही, म्हणून ते टोकाचे भाऊ आणि त्यांची बायको टोकाच्या ताई. मुलगी लग्न होऊन लांब गेली, घरात दोघंच. गाई असलेल्या माणसाला सुट्टी नसते, हे ज्यांच्याकडे गाई नाहीत त्यांना पटत नाही. सकाळी दूध, संध्याकाळी दूध, अंगात ताप असो की घरात पाहुणे. भाऊंनी ते जन्मभर केलं आणि कधी कुरकुर केली नाही. उलट गाईंची थट्टा करायचे. एकीचं नाव मास्तरीण, कारण ती आल्यागेल्याकडे नापास केल्यासारखं बघायची. एकीचं राणीसरकार. एकीला काही सुचेना म्हणून नुसतंच "अगं". ती "अगं"लाच ओ द्यायची.

मागच्या वर्षी त्यांच्या गोठ्यात रोग शिरला. लागण एकदोघींनाच होती, पण नियम म्हणजे नियम, सगळ्याच गाई मारायला न्याव्या लागल्या. ट्रक आला आणि दुपारपर्यंत गोठा मोकळा झाला. काही महिन्यांनी नव्या गाई आल्या. लोकांनी पाठीवर थाप मारली, म्हणाले, झालं, भरला गोठा, आता मागचं विसरा. भाऊ हो म्हणाले. पण नव्या गाईंना त्यांनी नावं ठेवली नाहीत. कानातल्या बिल्ल्यावरचा आकडा तेवढा म्हणायचे. मी फोनवर विचारलं की म्हणायचे, "बघू, ठेवू."

फोन करायचे मात्र वरचेवर. "वहिनी, मशीन परत रुसलंय. मिस्त्रींना पाठवता का?"

"फार लाडावलंय तुमचं मशीन, भाऊ."

"काय करणार, घरात लाड करायला दुसरं कोण आहे."

मग हवापाण्याच्या दोन गोष्टी, ताईंच्या गुडघ्याची चौकशी, माझ्या जिभेची तारीफ. मला त्यांचा फोन आवडायचा. दिवसभर मी सुट्या भागांचे नंबर ऐकते, त्यात माणसासारखं बोलणारा एक जण बरा वाटतो.

दूध काढायचं मशीन तसं साधं असतं. एक पंप हवा ओढतो, ती ओढ नळीतून चार रबरी पेल्यांपर्यंत जाते, आणि मधली एक डबी तिला ठोका देते, वासरू चोखतं तसा. भाऊंच्याकडे कधी पंपाचा पट्टा सैल, कधी नळीचं तोंड निसटलेलं, कधी डबीचा स्क्रू ढिला. दहा मिनिटांचं काम. त्यानंतर भाऊ चहा पाजायचे आणि मिस्त्री तासाभराने परत यायचा. तो एवढा वेळ तिथे काय करतो, मी विचारलं तर म्हणाला, "बसतो. ते बोलतात."

पण परत परत बोलावणं म्हणजे त्याच्या नाकाचा प्रश्न. त्याने आधी उंदरांवर संशय घेतला आणि सापळा लावला. मग म्हणाला, जमीन हादरते, त्याने स्क्रू ढिले होतात, आणि पंपाखाली रबराची चटई घातली. सापळ्यात काही सापडेना, चटईने काही थांबेना. जेवताना घास हातात धरून विचार करत बसायचा. मी म्हटलं, "अरे, तुझ्या हातचं काम आहे, एवढं काय मनाला लावून घेतोस?" तर म्हणाला, "माझ्या हातचं आहे म्हणूनच."

एक दिवस तो घरी आला तो शीळ घालत. सांगायला लागला तर एका दमात इतकं बोलला की मी हातातलं काम ठेवलं. भाऊंनी स्वतः म्हटलं होतं, मिस्त्री, हे एकदाचं पक्कं करून टाका. असं करून द्या की मी नसलो तरी हिला एकटीला चालवता आलं पाहिजे. मग काय, मिस्त्रीला हवंच होतं ते. त्याने सगळीकडे दुहेरी नट बसवले, नळ्यांना नव्या पकडी घातल्या, आणि पिवळ्या रंगाचा डबा नेऊन भिंतीवर, नळ्यांवर, खटक्यांवर आकडे आणि बाण रंगवले. आधी हे दाब, मग ते फिरव, मग इथे बघ. लहान मुलालाही जमेल असं. ताईंना शेजारी उभं करून दोनदा करून घेतलं. निघताना भाऊंनी त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "फार चांगलं झालं. आता तुम्हाला त्रास नाही."

"किती पुढचा विचार करतो बघ तो माणूस," मिस्त्री मला म्हणाला. मीही मान हलवली. आमच्या दोघांच्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही.

त्यानंतर भाऊंचा फोन आला नाही. मिस्त्री खूश, त्याचं नाक जागेवर. मला चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं. एकदोनदा मीच करावा म्हणून फोन उचललाही, पण दुकानात कोणी ना कोणी यायचं आणि राहून जायचं.

मग एका सकाळी ताई दुकानात आल्या. रबरी पेल्यांचा जोड हवा होता. एरवी खरेदीला भाऊच यायचे, त्या कधी आल्या नव्हत्या. मी जोड काढून दिला आणि सहज म्हटलं, "काय, भाऊंनी सगळं तुमच्या गळ्यात घातलं वाटतं. मजा आहे त्यांची."

ताईंनी पिशवी खाली ठेवली. "मजा कसली," त्या म्हणाल्या. "उठत नाहीत. उठले तर गोठ्यात पालथ्या बादलीवर बसून राहतात. दूध मीच काढते. दाढीसुद्धा करत नाहीत. आधी निदान मिस्त्री यायचे त्या दिवशी करायचे."

"मशीन आता बिघडत नाही ना," मी म्हटलं.

"ते कधीच बिघडत नव्हतं." ताईंनी माझ्याकडे पाहिलं. "मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचं. पाना घेऊन स्वतःच सैल करायचे. मग हात धुवायचे, तुम्हाला फोन करायचे, दाढी करायचे आणि चहाचं पाणी ठेवायचे. मी काही बोलले नाही. म्हटलं, कोणाशी तरी बोलतायत ना, मग बिघडू दे."

मला आधी हसू आलं, उंदराच्या सापळ्याचं. ते हसू तोंडावर होतं तोवरच मी विचारलं, "मग ते आकडे, बाण, ते सगळं कशाला करून घेतलं?"

"मी नसलो तरी तुला चालवता यावं म्हणून, म्हणाले." ताई बोलता बोलता थांबल्या. मी पण थांबले. काउंटरच्या दोन बाजूंना आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. ही कसली तयारी होती, ते ताईंना आधीच कळलं होतं असं मला वाटतं. त्या रबरी पेल्यांसाठी आल्याच नव्हत्या, पण तसं म्हणायचं कसं, हे त्यांना सुचत नव्हतं.

मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि मागे गेले. मिस्त्री एका पंपाचं पोट उघडून बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकलं आणि हातातला नट खाली ठेवायला त्याला बराच वेळ लागला.

"मी दुहेरी नट काढून टाकतो," तो म्हणाला. "पहिल्यासारखं करून देतो. म्हणजे त्यांना परत सैल करता येईल."

मी कपाळाला हात लावला. माझ्या तोंडाचा पट्टा सुटला तो सुटलाच. "अरे, माणूस बोलवायला त्या माणसाला स्वतःचं मशीन मोडावं लागतंय, आणि तू ते मोडायला सोपं करून देणार? तुला दुसरं काही सुचतच नाही का? ऊठ. दुकान बंद करते मी. आत्ता जायचं."

तो उठला, हात पुसले आणि सवयीने हत्यारांची पेटी गाडीत ठेवली. मी ती बाहेर काढून वर्कशॉपच्या दारात ठेवली. ताईंना घेऊन आम्ही निघालो तेव्हा त्याने एकदा मागे वळून पेटीकडे बघितलं. इतक्या वर्षांत तो कुठल्याच गोठ्यात रिकाम्या हाताने गेला नव्हता.

भाऊ गोठ्यात होते, पालथ्या बादलीवर. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खालीवर लागलेली. गाई शांत उभ्या होत्या आणि भिंतभर मिस्त्रीचे पिवळे बाण. मी आणि ताई दारापाशी थांबलो. खरं तर मी तिथून बाजूला व्हायला हवं होतं, पण झाले नाही. मी अशीच आहे.

मिस्त्रीला हातांचं काय करावं कळेना. खिशात घातले, बाहेर काढले, परत घातले.

"पेटी कुठाय?" भाऊंनी विचारलं.

"नाही आणली."

"मग काय करणार?"

"काही नाही. बसतो." त्याने कोपऱ्यातली दुसरी बादली पालथी घातली आणि भाऊंच्या समोर बसला.

मला वाटलं, आता दिवस असाच जाणार. मग मिस्त्री म्हणाला, "पट्टा तुम्ही सैल करत होतात."

"हो."

"मी उंदरांना शिव्या घालत होतो."

भाऊंच्या तोंडावर हसण्यासारखं काहीतरी आलं. "माहितीये. सापळ्यातला पाव मीच काढून टाकायचो. उगाच एखादा बिचारा मरायचा."

मिस्त्रीने मान हलवली. मग, कुठल्याही गोठ्यात विचारतो तसं, साध्या आवाजात विचारलं, "हे कधीपासून?"

"पट्ट्याचं ना? ते..."

"पट्ट्याचं नाही. तुमचं."

भाऊ खाली बघत राहिले. ताईंनी माझा हात पकडला. मग भाऊ बोलले ते हळू, पण एकेक शब्द ऐकू येत होता.

"ट्रक आला त्या दिवसापासून. गाई चढेनात. मास्तरीण तर फळीवर पायच ठेवेना, मागे मागे सरत होती. ती माणसं काठ्या काढायला लागली. मला ते बघवेना. मग मीच ट्रकच्या तोंडाशी उभा राहिलो आणि तिला हाक मारली. माझ्या हाकेला ती आली मिस्त्री, सरळ चढली. तिच्यामागून बाकीच्या सगळ्या."

मला तेव्हा कळलं, नव्या गाईंना नावं का नाहीत ते.

"आता सकाळी डोळे उघडले की वाटतं, आजचा दिवस माझ्याऐवजी दुसऱ्या कोणीतरी काढावा," भाऊ म्हणाले. "रोज तेच वाटतं."

मिस्त्रीने जे पुढे विचारलं ते मला, एवढी मोठी जीभ असून, विचारता आलं नसतं. "मरायचा विचार येतो का?"

ताईंची बोटं माझ्या मनगटात रुतली. भाऊंनी वर बघितलं. प्रश्न कोणीतरी विचारला याचं त्यांना बरं वाटलं असावं, कारण उत्तर लगेच आलं.

"येतो. आधी वाटायचं, मी गेलो तर मशीन कोण चालवणार, हिला जमणार नाही. गाई ताटकळतील. त्यावर उठायचो. मग तुमच्याकडून ते करून घेतलं."

मिस्त्रीने भिंतीकडे पाहिलं. एकापासून सुरू होऊन सगळे आकडे नीट ओळीत होते. त्याने रंग सुकेपर्यंत थांबून दुसरा हात दिला होता, मला घरी सांगितलंही होतं. त्याचा चेहरा पार पडला.

"रंग चांगला आणला होता मी," तो म्हणाला. "निघत नाही तो." आणि रडायला लागला. माझे वडील गेले तेव्हा मी त्याला रडताना पाहिलं होतं, त्यानंतर तेव्हाच.

त्याला रडताना बघून भाऊच उठले. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मग त्यांचाही बांध फुटला. दोन पुरुषमाणसं गोठ्यात उभी राहून रडत होती आणि गाई त्यांच्याकडे बघत होत्या. मला दोघांचाही राग आला आणि दोघांची इतकी माया वाटली की काय करावं सुचेना.

मिस्त्रीने बाहीने तोंड पुसलं. "मी येत जाईन," तो म्हणाला. "मशीन चालू असलं तरी येईन. पण भाऊ, मला मशीन येतं. हे मला येत नाही. ज्यांना येतं त्यांच्याकडे जाऊ. गाडी मी काढतो."

"डॉक्टरकडे? याच्यासाठी?" भाऊ म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

"लोकांचं मी बघते," मी दारातून म्हटलं. तिथे कोणी मला विचारलं नव्हतं, पण माझ्याने राहवलं नाही. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ते मात्र तुम्ही बघाल, वहिनी."

मिस्त्रीने आणखी एक विचारलं, की काही आणून ठेवलंय का. भाऊ मागच्या खोलीत गेले आणि एक बाटली घेऊन आले. मिस्त्रीने ती गाडीत ठेवली. घरी येईपर्यंत ती माझ्या पायांपाशी होती. तिच्याबद्दल मी जास्त बोलणार नाही.

त्याच दिवशी आम्ही चौघंही डॉक्टरांकडे गेलो. आत भाऊ आणि ताई गेले, बाहेर बाकावर मिस्त्री आणि मी बसलो. तो तिथल्या पंख्याचा आवाज ऐकत होता, कुठेतरी घासतोय म्हणाला. भाऊ बाहेर आले तेव्हा थकलेले दिसत होते. गाडीत बसल्यावर म्हणाले, "त्या डॉक्टरबाईंनीही पहिलं तेच विचारलं. कधीपासून?" मिस्त्रीची मान जराशी ताठ झाली.

एका भेटीत सगळं बरं झालं असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. गोळ्या सुरू झाल्या, त्या बदलल्या, मध्येच भाऊ नको म्हणाले, ताईंनी परत नेलं. मुलगी येऊन राहून गेली. मिस्त्री दर रविवारी जातो, रिकाम्या हाताने. सुरुवातीला दोघं नुसते बसून असायचे. ताई म्हणायच्या, कोणी आलंय की नाही ते बघायला मला खिडकीत जावं लागतं. आता म्हणे भाऊ बोलतात, आणि आमचा मध्ये मध्ये चक्क उत्तरं देतो. एका नव्या गाईला नाव मिळालंय. दुकानदारीण. सारखी हंबरते म्हणून. मी ते कौतुक समजून घेतलंय.

परवा, ऐन कामाच्या दिवशी, दुकानात गिऱ्हाईक उभं असताना फोन वाजला.

"वहिनी, मिस्त्री आहेत का?"

भाऊंचा आवाज ओळखला आणि माझा जीव खालीवर झाला. "आहे ना. काय झालं? काय बिघडलं?"

मागून मशीनचा ठोका ऐकू येत होता, एकसारखा, अगदी नीट.

"मशीन चांगलं चाललंय," भाऊ म्हणाले. "मलाच आज बरं वाटत नाहीये. त्यांना यायला सांगता का?"

"निघालाच," मी म्हटलं.

मागे मिस्त्रीने ऐकलं होतं. त्याने हात पुसले, सवयीने पेटीच्या कडीला हात घातला, मग ती तिथेच सोडली आणि खुंटीवरची गाडीची किल्ली घेऊन निघाला.